‘जुना राजवाडा’ या दोन शब्दांत जपानचं एक शहर लपलंय. सापडतंय का बघा!

रविवारची सकाळ असते. फॅमिली ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं, सुविचार आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक येऊन गेलेला असतो. आणि मग एखाद्या मावशीचा मेसेज पडतो.

‘खालील वाक्यांत जपानमधल्या शहरांची नावं लपली आहेत. शोधून दाखवा. फक्त हुशार लोकांनाच जमेल!’

खाली वाक्यं असतात, ती साधारण अशी.

१. कोल्हापूरला गेलो की जुना राजवाडा बघितल्याशिवाय परत येत नाही.
२. तो या मार्गाने रोज ऑफिसला जातो.
३. नको चिवडा, नको बेसनलाडू, नको फुटाणे, मला फक्त चहा द्या.

तुम्ही एकदा वाचता, दोनदा वाचता. यात जपान कुठून आलं? कोल्हापूर आहे, ऑफिस आहे, दिवाळीचा फराळ आहे. जपानचं काहीच नाही. एवढ्यात आठवीतला भाचा पटापट उत्तरं टाकतो आणि आपण निमूटपणे अंगठा दाखवून मोकळे होतो.

पण थांबा. ही उत्तरं न सापडण्याचा हुशारीशी फारसा संबंध नाही. उलट तुम्ही सराईतपणे वाचता म्हणूनच ती सापडत नाहीत. आणि या खेळाची मुळं शोधत गेलो, तर आपण थेट ११०० वर्षांपूर्वीच्या जपानी दरबारात आणि तिथून आपल्याच बाराखडीपाशी येऊन पोहोचतो. कसं, ते बघूया.

खेळ नेमका काय आहे?

नियम एकच. शहराचं नाव वाक्यात सलग अक्षरांत असतं, पण ते एका शब्दात नसून दोन-तीन शब्दांच्या सांध्यावर बसवलेलं असतं. शब्दांमधली मोकळी जागा, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह यांच्याकडे दुर्लक्ष करायचं.

पहिलं वाक्य घ्या. ‘जुना राजवाडा’. मधली जागा काढून टाका. जु-ना-रा-ज-वा-डा. आता दिसलं? ‘नारा’. क्योटोच्या आधी, इसवी सन ७१० ते ७८४ या काळात बहुतांश वर्षं जपानची राजधानी असलेलं हे शहर. आज ते तिथल्या महाकाय बुद्धमूर्तीसाठी आणि रस्त्यात निवांत फिरणाऱ्या हरणांसाठी प्रसिद्ध आहे.

दुसऱ्यात ‘तो या मार्गाने’ म्हणजे तो-या-मा-र्गा-ने. ‘तोयामा’. जपानच्या समुद्राकाठचं शहर.

तिसऱ्यात तर एक नाही, तीन शहरं आहेत. ‘नको चिवडा’मध्ये कोची, ‘नको बेसन’मध्ये कोबे आणि ‘नको फुटाणे’मध्ये कोफू. पाहुण्याने फराळ नाकारता नाकारता जपानचा दौरा करून टाकला.

इथे कुणीतरी हरकत घेईलच, की शहर ‘कोफू’ आहे आणि वाक्यात ‘कोफु’ येतंय. बरोबर. मराठीत हा खेळ खेळताना ऱ्हस्व-दीर्घाची सूट द्यावी लागते. ही सूट म्हणजे चिटिंग आहे का, हा प्रश्न डोक्यात ठेवा. त्याचं उत्तर पुढे जपानी कवीच देणार आहेत.

डोळ्यांसमोर असून दिसत का नाही?

आपल्याला वाटतं की वाचताना आपली नजर ओळीवरून पाण्यासारखी वाहत जाते. प्रत्यक्षात ती उड्या मारत जाते. एका ठिकाणी साधारण पाव सेकंद टेकायचं, तिथला शब्द टिपायचा, पुढची उडी मारायची. लहानपणी आपण ‘क’ला काना ‘का’ करत वाचायचो. आता तसं वाचत नाही. ओळखीचा शब्द आला की मेंदू तो अख्खा उचलतो आणि लगेच त्याच्या अर्थाकडे जातो.

हे किती आपोआप होतं, ते बघायचं असेल तर ‘लाल’ हा शब्द हिरव्या पेनाने लिहा आणि समोरच्याला विचारा, अक्षरांचा रंग कोणता? तो क्षणभर अडखळतो. त्याला फक्त रंग सांगायचा असतो, पण शब्द वाचल्याशिवाय राहवत नाही. जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. म्हणून याला ‘स्ट्रूप इफेक्ट’ म्हणतात.

आपलं कोडं याच सवयीवर चालतं. ‘जुना’ वाचला की मेंदूने त्याची पुडी बांधून बाजूला ठेवली. ‘राजवाडा’ वाचला, दुसरी पुडी. आता ‘जुना’मधला ‘ना’ आणि ‘राजवाडा’मधला ‘रा’ वेगवेगळ्या पुड्यांत गेले. त्यांना एकत्र आणायचं तर बांधलेल्या पुड्या सोडाव्या लागतात, आणि अर्थ समोर दिसत असताना मेंदूला ते करायचं नसतं.

म्हणून एक सोपी युक्ती. वाक्य उलटीकडून बघा, किंवा एकेक अक्षर मोठ्याने म्हणा. अर्थ बाजूला पडतो आणि अक्षरं वर येतात. नुकतं जोडाक्षरं शिकलेलं पोर कधीकधी मोठ्यांच्या आधी उत्तर देतं, त्याचंही हेच कारण असू शकतं. ते अजून अक्षरं वाचतंय. तुम्ही अर्थ वाचताय.

त्यामुळे ‘फक्त जीनियस सोडवतील’ असं कुणी लिहिलं तर मनावर घेऊ नका. ते लोकांनी चिडून पुढे पाठवावं म्हणून लिहिलेलं असतं.

इंग्रजीत अक्षरं लपतात, मराठीत आवाज लपतो

असली कोडी इंग्रजीतही असतात. पण तिथे गंमत वेगळी आहे. इंग्रजीत ‘नॉट सच’ असे दोन शब्द लागोपाठ लिहा. स्पेलिंगमध्ये एन, ओ, टी, एस, यू, सी, एच अशी अक्षरं येतात. त्यातली ओ, टी, एस, यू ही चार उचलली की ‘ओत्सू’ तयार. हे बिवा सरोवराच्या काठावरचं खरंखुरं शहर आहे. पण ‘नॉट सच’ मोठ्याने म्हणा, ओत्सू कुठेच ऐकू येत नाही. शहर कागदावर आहे, कानात नाही.

इंग्रजीतली दुसरी लाडकी गंमत म्हणजे टोकियो आणि क्योटो. दोन्हींच्या स्पेलिंगमध्ये तीच पाच अक्षरं आहेत, फक्त क्रम बदललाय. पण हे फक्त रोमन लिपीतच जमतं. जपानी उच्चारात टोकियो म्हणजे ‘तोओक्योओ’ आणि क्योटो म्हणजे ‘क्योओतो’. एकात एक स्वर जास्तीचा आहे. खरं नातं अर्थात आहे. ‘क्यो’ म्हणजे राजधानी. क्योटो म्हणजे राजधानीचं नगर आणि टोकियो म्हणजे पूर्वेची राजधानी. एदो नावाच्या शहराला हे नाव १८६८ मध्ये मिळालं.

मराठीत मात्र आपण जे लिहितो तेच बोलतो, निदान बऱ्यापैकी. देवनागरीचं एक अक्षर म्हणजे एक उच्चार. त्यामुळे मराठी वाक्यात लपवलेलं शहर डोळ्यांनी नाही सापडलं तरी कानाने सापडतं. ‘तो या मार्गाने’ भरभर म्हणा, ‘तोयामा’ आपोआप ऐकू येतं.

आणि जपानी नावं मराठीत इतकी सहज का लपतात, त्याचंही उत्तर इथेच आहे. जपानी शब्द बहुतेक एक व्यंजन, एक स्वर अशा जोड्यांनी बनतात. ना-रा, को-बे, ना-गो-या. जोडाक्षरं कमी. आणि मराठीत आ, ई, ए, ओ यांवर संपणाऱ्या शब्दांची रेलचेल आहे. हा, ना, का, की, तो, या, नको, अशी छोटी छोटी अक्षरं आपण दर वाक्यात पेरत असतो. जपानी शहर बांधायला लागणाऱ्या विटा आपल्या बोलण्यात आधीच पडलेल्या आहेत.

जपानी माणूस हे कोडं कसं घालेल?

मोठी माणसं वाचतात त्या जपानी मजकुरात शब्दांमध्ये मोकळी जागा सोडतच नाहीत. ओळ सलग चालते. मग शब्द कुठे संपला ते कळतं कसं? तर त्यांच्याकडे चिनीवरून घेतलेली चित्राक्षरं आहेत, त्यांना ‘कांजी’ म्हणतात, आणि उच्चार लिहिणारी ‘काना’ अक्षरं आहेत. दोन्ही मिसळून लिहितात, त्यामुळे डोळ्याला शब्दांच्या कडा दिसतात. लहान मुलांची पुस्तकं मात्र जवळजवळ सगळी कानात असतात. तिथे कडा दिसत नाहीत, म्हणून तिथे मोकळी जागा सोडतात.

यामुळे जपानीत लपवण्याची एक वेगळीच सोय होते. ‘ओचिबा’ हा शब्द घ्या. अर्थ, गळून पडलेली पानं. कांजीत लिहिलं की फक्त पानं दिसतात. कानात लिहिलं की ओ-चि-बा, आणि आत ‘चिबा’ हे टोकियोच्या शेजारचं शहर. गंमत म्हणजे चिबा या नावाचा अर्थ ‘हजार पानं’ असा आहे. दोन्हीकडचा ‘बा’ म्हणजे पान.

सगळ्यात ओळखीचं उदाहरण तर आपल्यालाही माहीत आहे. सायोनारा! १९६६ च्या ‘लव्ह इन टोकियो’ या हिंदी सिनेमामुळे हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोहोचला. सा-यो-ना-रा. शेवटी ‘नारा’ आहेच. शहराशी त्याचा संबंध नाही. तिथला ‘नारा’ म्हणजे आपला ‘असेल तर’. ‘असं असेल तर...’ एवढंच म्हणून निरोप घ्यायचा, त्यातून हा शब्द आला. आपण ‘बरं मग...’ म्हणत उठतो, तसंच काहीसं.

पण जपानी माणूस काही बाबतीत आपल्यापेक्षा कडक असतो. ‘ओसाकाना’ म्हणजे मासा, आदराने म्हटलेला. त्यात आपल्याला ‘ओसाका’ दिसतं. जपानी माणूस म्हणेल, चूक. कारण त्यांच्या शहराचं नाव ‘ओओसाका’ आहे, सुरुवातीचा ‘ओ’ लांब. त्यांच्याकडे स्वराची लांबी बदलली की अर्थ बदलतो. ‘ओबासान’ म्हणजे काकू-मावशी आणि ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. मावशीला चुकून आजी म्हटलं तर काय होईल, ते सांगायला नको. आपल्याकडेही ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा. म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाची भानगड दोन्हीकडे आहे.

११०० वर्षांपूर्वीचं कोडं

आता मुख्य गोष्ट. हा खेळ व्हॉट्सॲपचा नाही, शाळेच्या वहीच्या मागच्या पानाचाही नाही. जपानमध्ये तो राजदरबारातला खेळ होता.

‘कोकिन वाकाशू’ नावाचा एक कवितासंग्रह आहे. सम्राट दाइगोच्या आज्ञेवरून तो साधारण ९०५ च्या सुमारास तयार झाला. राजधानी तेव्हा हेइआन-क्यो, म्हणजे आजचं क्योटो. त्यात वीस भाग आहेत. वसंतावर, शिशिरावर, प्रेमावर, विरहावर. आणि त्यातला दहावा भाग आहे ‘मोनो नो ना’, म्हणजे ‘वस्तूंची नावं’. या भागातल्या कवितांमध्ये पक्ष्यांची, फुलांची, ठिकाणांची नावं लपवलेली आहेत. वरवर कविता दव, पाऊस, उदासी यांच्याबद्दल बोलते आणि शब्दांच्या सांध्यात भलतंच काही दडलेलं असतं.

पहिल्याच कवितेत उगुइसु हा गाणारा पक्षी आहे. त्याचं नाव ‘खिन्न’ आणि ‘सुकत नाही’ अशा अर्थाच्या दोन शब्दांच्या जोडावर बसवलंय. आणि कोड्यातल्या पक्ष्याचीच तक्रार कवितेत आहे, की भिजून मी खिन्न झालोय.

त्याच भागात ठिकाणंही आहेत. संग्रहाच्या संपादकांपैकी एक असलेल्या कि नो त्सुरायुकीने योदो नदीचं नाव लपवलंय. ही नदी आजही ओसाकाला जाऊन समुद्राला मिळते. बिवा सरोवराच्या काठचं करासाकी आहे. दुसरा एक संपादक मिबु नो तादामिने याने ‘कातानो’ लपवलंय. कातानो तेव्हा शिकारीचं माळरान होतं, आज ते ओसाका प्रांतातलं एक शहर आहे. म्हणजे वाक्यात जपानचं गाव लपवण्याचा उद्योग अकराशे वर्षं जुना आहे.

आता तो ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न. त्या काळी काना लिपीत ‘क’ आणि ‘ग’ यांच्यात, ‘स’ आणि ‘झ’ यांच्यात फरक दाखवणारी खूण वापरायची पद्धत नव्हती. एकच अक्षर, वाचणाऱ्याने संदर्भावरून ठरवायचं. कवींनी याच ढिलेपणाचा फायदा घेतला. पक्ष्याच्या नावात ‘गु’ वाचायचा आणि कवितेच्या अर्थात तोच ‘कु’ वाचायचा. दरबारातल्या मान्यवर कवींनी एवढी सूट घेतली, तर आपण ‘कोफू’साठी ‘फुटाणे’ वापरले म्हणून काय बिघडलं?

आपली बाराखडी आणि त्यांची

जपानी मुलं शाळेत अक्षरं कशी पाठ करतात माहितीये? आधी स्वर, अ, इ, उ, ए, ओ. मग व्यंजनांच्या ओळी. क, स, त, न, ह, म, य, र, व. प्रत्येक ओळीत का-कि-कु-के-को, ना-नि-नु-ने-नो.

ओळखीचं वाटतंय ना? आधी स्वर, मग घशातलं ‘क’, मग टाळूच्या जागेचं, मग दातांचं ‘त’ आणि त्याच्यामागे ‘न’, मग ओठांचं, त्यामागे ‘म’ आणि शेवटी य, र, व. आपल्या वर्णमालेचाच क्रम. दोन ठिकाणी शंका येईल. आपल्याकडे ‘च’ आहे तिथे त्यांच्याकडे ‘स’ आहे, आणि ‘प’च्या जागी ‘ह’ आहे. पण त्यांचा ‘ह’ जुन्या काळी ‘प’ होता, असं भाषातज्ज्ञ सांगतात. ‘प’नंतर ‘म’, जसा आपल्याकडे.

हा योगायोग नाही. बौद्ध धर्माबरोबर संस्कृत मंत्र जपानला पोहोचले. ते अचूक म्हणता यावेत म्हणून तिथले भिक्खू ‘सिद्धम्’ लिपी शिकायचे. ही लिपी ब्राह्मीच्या घराण्यातली, म्हणजे देवनागरीची चुलत बहीण. बोधिसेन नावाचे भारतीय भिक्खू ७३६ मध्ये जपानला पोहोचले. नाराच्या त्या महाबुद्धाचे डोळे उघडण्याचा विधी ७५२ मध्ये त्यांच्याच हस्ते झाला. पुढे कूकाई हा जपानी भिक्खू चीनमधून ८०६ मध्ये परत आला, तो सिद्धम्‌चे ग्रंथ घेऊनच. या अभ्यासातूनच जपानी अक्षरांना हा क्रम मिळाला, असं अभ्यासक मानतात.

आता एक सावधगिरी. ‘जपानी लिपी संस्कृतमधून आली’ असा फॉरवर्ड तुमच्याकडे आला असेल किंवा येईल. तो खरा नाही. जपानी अक्षरांचे आकार चिनी अक्षरांवरून आले आहेत. आपल्याकडून गेला तो अक्षरांचा क्रम, म्हणजे तोंडात आवाज कुठून निघतो त्यावरून अक्षरं मांडायची कल्पना. तेवढंही अभिमान वाटावा असं आहे. त्यात भर घालायची गरज नाही.

नावं फोडता आली की कोडं सोपं

जपानी शहरांची नावं बरीचशी आपल्या गावांसारखीच आहेत. आपल्याकडे वाडी, गाव, पूर, तसे त्यांच्याकडे काही ठरलेले तुकडे आहेत. ‘यामा’ म्हणजे डोंगर. ‘शिमा’ म्हणजे बेट. ‘कावा’ म्हणजे नदी. ‘साकी’ म्हणजे पाण्यात घुसलेलं जमिनीचं टोक. ‘ओका’ म्हणजे टेकडी.

हे तुकडे माहीत असले की शोधायला सोपं जातं. ‘यामा’ शोधायचं तर ‘या मा...’ शोधा. या माणसाला, या मातीत, या माळावर. ‘शिमा’ शोधायचं तर ‘शी मा...’ बघा. तुझ्याशी माझं, त्याच्याशी मारामारी.

यातून एक शहर लगेच सापडतं.

‘त्या पिक्चरच्या हिरोशी माझी शाळेपासूनची ओळख आहे.’

हि-रो-शी-मा. हिरोशिमा. अर्थ, रुंद बेट. हे नाव कोड्यात सापडलं की क्षणभर हसू थांबतं. आपल्यासाठी हिरोशिमा म्हणजे ६ ऑगस्ट १९४५, इतिहासाच्या पुस्तकातला तो धुराचा ढग. पण ते आधीही शहर होतं आणि आजही आहे. बॉम्ब पडल्यावर तिसऱ्याच दिवशी तिथली ट्राम थोड्या अंतरावर का होईना, पुन्हा धावली. तिथेही लोक ऑफिसला जातात, फराळ नाकारतात, चहा मागतात. म्हणून एवढंच पाळा, की या नावावर कोडं घालताना वाक्यात स्फोटाची, मरणाची थट्टा नको. शहराचं नाव साध्या वाक्यात राहू द्या. साधं आयुष्य हाच त्या नावाचा मान आहे.

आता तुमची पाळी

खाली दहा वाक्यं. उत्तरं शेवटी आहेत, पण लगेच खाली जाऊ नका. मोठ्याने वाचा.

१. आज नशिबाने मोठा मासा गावला.
२. भावा, का या माळावर एकटाच बसलायस?
३. पोरांनी मोबाइलवर एक झकास व्हिडिओ साकारला.
४. ऐक ना गो, यादी कुठे ठेवलीस?
५. विनापरवानगी फूल तोडू नये.
६. दोघांचे शर्ट एकाच रंगाचे! ठरवून काढलेला फोटो, की योगायोग?
७. गनिमी कावा साकीनाक्याच्या ट्रॅफिकमध्येच शिकावा.
८. का गो, शी! माशी पडलेला चहा कोण पितं?
९. आमच्या सोसायटीत सगळ्यात सुंदर म्हणजे त्याच्या बायकोची बाग. (दोन शहरं आहेत, आणि एक अक्षर दोघांत सामाईक आहे.)
१०. भाऊजी, चहा घेणार ना?

स्वतः कोडं कसं बनवायचं?

पहिली पायरी, शहराचं नाव अक्षरांत फोडा. ना-गो-या.

दुसरी, कुठे तोडायचं ते ठरवा. ‘ना’वर संपणारा शब्द आणि ‘गोया’ने सुरू होणारा? कठीण. मग ‘ना’, ‘गो’, ‘या...’ असे तीन तुकडे. कोकणात बाईमाणसाला हाक मारताना ‘गो’ येतंच. काम झालं.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, वाक्य खरं वाटलं पाहिजे. ‘विनापरवानगी फूल तोडू नये’ ही पाटी आपण बागेत पाहिलेली असते, म्हणून तिच्यावर संशय येत नाही. वाक्य ओढूनताणून केलेलं असलं की वाचणारा लगेच सावध होतो आणि सांधे तपासायला लागतो. जितकं साधं वाक्य, तितकी खोल लपायची जागा.

चौथी, नाव शक्यतो एकाच शब्दात पूर्ण येऊ देऊ नका. ‘सागाचं लाकूड’ लिहिलंत तर सागा शहर समोरच उभं राहतं, लपत नाही.

उत्तरं

१. मा-सा गा-वला. सागा, क्यूशू बेटावरचं शहर.

२. भा-वा, का या मा-ळावर. वाकायामा, ओसाकाच्या दक्षिणेला. याच वाक्यात ‘भावा’ऐवजी नुसतं ‘ओ’ घातलं, ‘ओ, का या माणसाला त्रास देताय?’ असं, की ओकायामा तयार होतं.

३. व्हिडि-ओ साका-रला. ओसाका. जपानी काटेकोरपणा इथे बाजूला ठेवा.

४. ना गो, या-दी. नागोया. टोयोटाचं मुख्यालय असलेलं टोयोटा शहर याच परिसरात आहे.

५. परवान-गी फू-ल. गिफू, नागोयाच्या उत्तरेला.

६. फो-टो, की यो-गायोग. टोकियो.

७. कावा साकी-नाका. कावासाकी, टोकियो आणि योकोहामाच्या मधलं शहर. आपल्याकडच्या ‘कावासाकी बजाज’ गाडीमुळे हे नाव ओळखीचं आहे. पण त्या कंपनीचं नाव शहरावरून नाही, संस्थापकाच्या आडनावावरून आलंय.

८. का गो, शी! मा-शी. कागोशिमा. समोरच साकुराजिमा हा जागता ज्वालामुखी आहे.

९. बाय-को-ची बा-ग. कोची आणि चिबा. ‘ची’ दोघांत वाटून घेतलाय. ही कोची केरळची नव्हे, शिकोकू बेटावरची.

१०. ‘बायकोची’मधल्या कोचीसारखंच हे उत्तरही एकाच शब्दात आहे, नियम मोडून. भा-ऊ-जी. उजी! क्योटोच्या शेजारचं छोटं शहर. आणि त्याची जपानभर ख्याती कशासाठी आहे? चहासाठी. हिरव्या चहाची ती पंढरीच समजा.

म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आपण दारात आलेल्या भाऊजींना चहा विचारतोय आणि दरवेळी जपानच्या चहाच्या गावाचं नाव घेतोय. आज संध्याकाळी घरात जे काही बोललं जाईल, ते जरा अक्षर-अक्षर ऐका. एखादं शहर तुमच्या स्वयंपाकघरातही लपलेलं असेल. सापडलं की फॅमिली ग्रुपवर टाका. फक्त खाली ‘हुशार लोकांनाच जमेल’ असं लिहू नका.